नऊ दिवसांचा नेम

बाळांनो, तुमच्या मावशीबद्दल तुम्ही आईला विचारता आणि आई म्हणते, आजीला विचारा. फोनवर हे सांगता येत नाही, म्हणून लिहून पाठवते.

आम्ही तेव्हा मंठ्याला राहायचो. मी शाळेत इंग्रजी शिकवायचे, आजोबा पाटबंधारे खात्यात होते. गावात कॅथलिक घरं आमच्यासकट चारच. चर्च नव्हतं. महिन्यातून एकदा जालन्याहून फादर यायचे आणि आमच्याच पुढच्या खोलीत मिस्सेची उपासना व्हायची. एरवीची प्रार्थना आपापल्या घरी. आमच्या लाकडी कपाटावर संताचा वीतभर पुतळा होता, हातावर बाळ येशूला घेतलेला. माझ्या आईनं तो मला लग्नात दिला होता.

शेजारच्या वहिनी दूध घालायला यायच्या. त्यांना या पुतळ्याचं फार कुतूहल.

"बाई, ह्यो तुमचा देव का?"

"देव नाही हो वहिनी. हे देवाजवळ पोचलेले संत. आपण यांना सांगायचं, माझ्यासाठी देवाकडे प्रार्थना करा. तुम्ही नाही का मला म्हणत, पोराच्या परीक्षेला देवाला सांगा म्हणून? तसंच."

"म्हंजी वशिला लावता म्हना की!" असं म्हणून त्या इतक्या हसल्या की मापातलं दूध सांडलं. मीही हसले. पण मी त्यांना जे समजावून सांगितलं, ते मला स्वतःला समजलेलं नव्हतं.

तुमची मावशी नववीत होती. तिला कावीळ झाली. आधी पथ्यपाणी केलं, गावच्या डॉक्टरांचं औषध घेतलं, पण डोळ्यांचा पिवळेपणा जाईना आणि पोट फुगायला लागलं, तेव्हा जालन्याच्या दवाखान्यात ठेवलं. पहिला आठवडा मी तिच्याजवळ होते. मग आजोबांनी रजा घेतली आणि मी मंठ्याला परतले, ती नोव्हेना करायला.

नोव्हेना म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना. माझ्या आईचा नेम कडक होता. रोज तीच वेळ, तीच जागा, आणि मध्ये खंड पडला तर पुन्हा पहिल्या दिवसापासून. मी संध्याकाळी सातची वेळ धरली. चौथ्या दिवशी दुपारी तिला भेटायला जाऊन आले, तर येताना एसटी वाटेत बंद पडली. घरी पोचायला आठ वाजले. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, आणि आता खंड पडू द्यायचा नाही म्हणून जालन्याला जाणंच बंद केलं. कॅलेंडरवर रोज एक बारीक खूण करायचे.

सातव्या दिवशी शाळेत असताना एसटीच्या कंडक्टरनं आजोबांची चिठ्ठी आणून दिली. "ती तुझी फार आठवण काढते. जमल्यास आज ये." हेडमास्तरांनी चिठ्ठी वाचली आणि म्हणाले, "बाई, पेपर आम्ही तपासू. तुम्ही निघा." म्हणजे नोकरी आड आली असं मला म्हणता येत नाही.

घरी आले तर वहिनी दारातच उभ्या. कंडक्टरकडून त्यांना कळलं होतं.

"निघाल्या न्हाई अजून? चारची गाडी हाय."

"वहिनी, आज सातवा दिवस. दोनच राहिलेत."

"मंग? संत काय पळून चालला का? तिकडं पोरगी वाट बघून राह्यली."

"मध्येच सोडलं तर सगळं वाया जातं हो. तिच्यासाठीच तर करतेय."

वहिनी दारातून बाजूला झाल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही शिकलेल्या बाया. आम्ही काय सांगावं?" आणि गेल्या.

मी चिठ्ठीच्या मागे लिहिलं, "नोव्हेना पूर्ण करून परवा सकाळी नाही तर तेरवा सकाळी पहिल्या गाडीनं येते. तिला म्हणावं, धीर धर." ती चिठ्ठी परतीच्या गाडीनं पाठवली. "परवा सकाळी नाही तर" हे शब्द पाठवण्याआधी मीच खोडले, कारण नवव्या दिवशीची संध्याकाळ परवाच होती.

नववी प्रार्थना झाली तेव्हा मला फार हलकं वाटलं. हे मी लपवत नाही. मी तिचे धुतलेले दोन झगे घडी करून पिशवीत घातले, मऊ भाताचे तांदूळ निवडले आणि पहाटे उठून पहिली गाडी पकडली.

दवाखान्याच्या व्हरांड्यात आजोबा बाकावर बसले होते. मला बघून ते उठले नाहीत. ती पहाटेच गेली होती. मी तेव्हा बसस्टँडवर होते.

बरीच वर्षं आजोबा काही बोलले नाहीत. रिटायर झाल्यावर एकदा जेवताना त्यांनी सांगितलं. माझी चिठ्ठी त्यांनी तिला वाचून दाखवली होती. तिनं विचारलं, "आई तिथं काय मागते?" ते म्हणाले, "तू बरी व्हावीस म्हणून मागते." तर ती म्हणाली, "मग इथं येऊन माग म्हणावं ना."

त्यांनी ताट पुढे सरकवलं आणि हात धुवायला गेले.

ती गेल्यानंतरच्या मिस्सेला फादर आले, तेव्हा मी त्यांना विचारलं होतं, माझं कुठे चुकलं? पहिल्या वेळी खंड पडला म्हणून का? फादर वयानं तरुण होते. ते म्हणाले, "बाई, संत आपल्याबरोबर देवाकडे मागतात. ते दिवस मोजत नाहीत, जागा बघत नाहीत. तुम्ही तिच्या खाटेजवळ बसून म्हटली असती, तरी ती तीच प्रार्थना होती." त्यांना मला धीर द्यायचा होता. आपण काय बोलून गेलो हे त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण ते लगेच म्हणाले, "ती आता देवाजवळच आहे. आता तिलाच सांगा, माझ्यासाठी प्रार्थना कर म्हणून."

चर्चची शिकवण तशीच आहे. देवाजवळ गेलेल्या कुणालाही आपण हाक मारू शकतो, आणि जे पापांतून शुद्ध होत अजून देवाकडच्या वाटेत असतील त्यांच्यासाठी आपण प्रार्थना करायची असते. चौदा वर्षांची, निष्पाप पोर. ती कुठे असेल याबद्दल फादरांना शंका नव्हती. मलाही नाही.

तरी मी रोज तिच्यासाठी प्रार्थना करते, जणू ती अजून वाटेत आहे. तुमच्या आईनं एकदा टोकलंसुद्धा, "आई, अगं आता तिलाच काहीतरी माग ना." तुमच्या परीक्षा, तुमची आजारपणं, सगळं मी सरळ देवाला सांगते. तिला सांगायला बसले की शब्द तोंडाशी येतात आणि थांबतात. तिनं बोलावलं तेव्हा मी गेले नाही. आता मी तिला कोणत्या तोंडानं हाक मारू?