अकरा बागा, एक सर्टिफिकेट

आमच्या ग्रुपच्या कपाटात फायलींचे तीन कप्पे आहेत. मोहोर कधी आला, पाणी कुठून दिलं, काय फवारलं, फवारणाऱ्याने हातमोजे घातले होते का, सगळं त्यात सापडेल. हे सगळं करताना आमची जी फजिती झाली, ती तेवढी कुठल्याच फायलीत नाही! ती माझ्या डोक्यात साठलीय आणि आता तिथेही जागा संपली. म्हणून म्हटलं, बसा जरा, ऐका.

आधी मामला सांगतो. आम्ही रत्नागिरीजवळचे अकरा बागायतदार. सगळे छोटे. कोणाची चाळीस कलमं, कोणाची साठ. युरोपातल्या गिऱ्हाइकाला नुसता गोड हापूस चालत नाही. माती, पाणी, कामगार, पाखरं या सगळ्यांना सांभाळून पिकवलाय, असं सर्टिफिकेट लागतं. एकट्याला ते झेपणार नाही, म्हणून अकरा जणांत मिळून एकच काढलं. म्हणजे एक नापास तर अकराही नापास! सुक्याबरोबर ओलंही जळतं, तसं. ते गेलं की माल मुकाट वाशी मार्केटला, दलाल म्हणेल त्या भावाने. मी ग्रुपचा सेक्रेटरी, त्यामुळे ऑडिटच्या आधी सगळ्यांच्या बागा तपासायचं काम माझ्याकडे. आणि वाईटपणाही माझ्याकडेच.

पहिल्याच वर्षी आमच्यातल्या दिनूभाऊंची फवारणीची डायरी उघडली. काय अक्षर! एकच पेन, एकच शाई, कुठे खाडाखोड नाही. तिथेच मला वास आला. बघतो तर एका तारखेला लिहिलंय, ‘सकाळी नऊ ते बारा, स्वतः फवारणी केली.’

म्हटलं, "दिनूभाऊ, या दिवशी तुमच्या बेबीचं लग्न होतं. साडेअकराचा मुहूर्त! मी स्वतः जेवलोय."

दिनूभाऊंनी डायरी हळूच मिटली. मग म्हणतात, "शरीर मांडवात होतं रे. पण जीव बागेत होता ना!"

ती डायरी बाद केली. आता डायरी पंपालाच बांधून ठेवायची, असा नियम आहे.

नियमात बागेतल्या कामगारांसाठी संडास आणि हात धुवायची सोयही लागते. आमच्या प्रभाकरने बांधला. आणि बांधला कसा, तर घरात नाहीत अशा टाइल्स लावल्यान! त्या वर्षी पुण्याहून ऑडिटर साहेब आले. तरुण माणूस, हातात टॅब, बोलणं मोजून मापून. प्रभाकरने आग्रह करकरून तीन ग्लास कोकम सरबत पाजलंन. व्हायचं तेच झालं. साहेब म्हणाले, "तुमचं टॉयलेट जरा बघू." बघू म्हणजे काय, ते आम्हाला चेहऱ्यावरून कळलं.

दाराला हे एवढं कुलूप! आणि चावी प्रभाकरच्या बायकोच्या कनवटीला, आणि ती गेलेली सावर्ड्याला बहिणीकडे.

साहेब घायकुतीला येऊन विचारतात, "अहो, कुलूप कशाला?"

प्रभाकर म्हणतो, "मग काय उघडं ठेवू? कोणी वापरलं म्हणजे घाण नाय होणार?"

साहेबांनी शेरा मारला तो बागेमागच्या करवंदाच्या जाळीकडे जाऊन आल्यावर. थोडक्यात निभावलं.

दिनूभाऊंनी नियमाप्रमाणे बागेच्या तोंडाशी बोर्डही लावला होता: ‘सावधान! विषारी फवारणी चालू आहे.’ फवारणी झाली की बोर्ड काढायचा असतो. साहेब पुढच्या वर्षी मे महिन्यात, ऐन तोडणीत आले, तर बोर्ड जागच्या जागी! साहेब हादरलेच. तोडणीच्या वेळी फवारणी म्हणजे आंब्यात विषाचा अंश, म्हणजे विषय संपला.

"छ्या छ्या! फवारणी कधीच बंद झालीय साहेब," दिनूभाऊ म्हणाले. "बोर्ड चोरांसाठी आहे. दोन गडी ठेवून जे जमलं नाय, ते ह्या एका बोर्डाने केलंन!"

साहेबांनी आंबे लॅबला पाठवले. रिपोर्ट स्वच्छ आला तेव्हा कुठे आम्ही धड जेवलो.

सुलभावहिनी म्हणजे आमच्यातल्या एकट्या बाई. नवरा गेल्यावर चाळीस कलमं एकटीने जगवली त्यांनी. साहेबांनी त्यांना विचारलं, "बागेतल्या वन्यजीवांसाठी तुम्ही काय करता?"

"माकडं येतात, पोटभर खातात, जातात," वहिनी म्हणाल्या. "आता काय चहा पण देऊ?"

त्या रकान्यात वहिनींना पैकीच्या पैकी!

हसा, पण वहिनींचं सगळं ह्या सर्टिफिकेटवर होतं. त्यांचा महेश मुंबईची नोकरी सोडून गावी आला, तो ह्या एक्स्पोर्टच्या भरवशावर. ते बंद पडलं की तो परत मुंबईला. एकदा मला म्हणाल्या होत्या, "भावजी, पोर संध्याकाळी दारात दिसतं, तेवढं माझं टिकू दे."

तर यंदाचं ऑडिट. पॅकिंग शेडमध्ये आम्ही अकराही जण आणि महेश उभे. साहेबांनी नेमका वहिनींचा क्रेट निवडला. कोड बघितला, बाग कुठली, तोडणी कधी, सगळं रजिस्टरशी जुळलं. मग क्रेट टेबलावर रिकामा केला आणि म्हणाले, "हे सगळे तुमच्याच बागेतले ना?"

‘हो’ म्हणायचं, संपलं! पण वहिनी एकेक आंबा उचलून देठाशी हुंगायला लागल्या. एक बाजूला ठेवलान.

"ह्यो आमचा नव्हे."

सर्टिफिकेटच्या क्रेटमध्ये बाहेरचा आंबा! अकराही जण घरी! महेशचा चेहरा पांढराफटक पडला. मी वहिनींना खुणा करतोय, गप्प राहा, गप्प राहा.

"भावजी, डोळे कसले वटारताय?" वहिनी सगळ्यांदेखत म्हणाल्या. "नाय आमचा, तर नाय! पोराला मुंबईला जावं लागलं तरी चालेल, दुसऱ्याचा आंबा मी आमचा म्हणणार नाय."

साहेबांनी तो आंबा उचलला आणि पहिल्यांदाच हसले.

"मीच टाकला होता. काल हायवेवर घरच्यांसाठी पेटी घेतली, त्यातला. तुमची पारख बघायची होती. पास आहात तुम्ही, सगळे!"

आमचा जीव भांड्यात पडला. महेशने तर आईला उचललंच. वहिनी मात्र अजून त्या आंब्याकडेच बघत होत्या.

"साहेब, हापूस म्हणून घेतलात?"

"हो. अस्सल रत्नागिरी हापूस."

"फसवलंन हो तुम्हाला!"

साहेब तडक गाडीकडे गेले आणि अख्खी पेटी घेऊन आले. वहिनींनी एकेक आंबा हुंगला. तळापर्यंत.

"एक पण नाय."

साहेब मटकन खुर्चीत बसले.

"अहो, पण त्या पेटीवाल्याने मला सर्टिफिकेट दाखवलं होतं!"