पाटीवरचं एमपीएच

माझ्या नाशिकरोडच्या दवाखान्याच्या पाटीवर नावापुढे एमबीबीएस आहे आणि त्याच्यापुढे एमपीएच. सायखेड्याहून येणारे एक आजोबा दर वेळी त्या पाटीकडे बघत थांबायचे. एकदा त्यांनी विचारलंच, "डाक्टर, ते शेवटचं म्हंजी हाडांचं हाय का?"

"नाही बाबा. सार्वजनिक आरोग्याचं."

"मंग माझा गुडघा कोन बघन?"

मी त्यांना गंगापूर रोडवरच्या एका हाडांच्या डॉक्टरचं नाव लिहून दिलं. त्या माणसाचं वाटोळं व्हावं असं मला तीसेक वर्षं वाटत आलं आहे. पेशंट मात्र मी त्याच्याकडेच पाठवतो. हात चांगला आहे त्याचा.

तो माझा होस्टेलचा रूम पार्टनर. आमच्या होस्टेलात पीजीच्या, म्हणजे एमडी-एमएसच्या, प्रवेश परीक्षेच्या वर्षी एक रीत होती: कुणी कुणाला खरं सांगायचं नाही. लायब्ररीत दिवस काढून आलेला मुलगा मेसमध्ये जांभई देत म्हणायचा, "झोपलो होतो रे, काहीच झालं नाही." कुणी कुठल्या नोट्स वाचतो हे विचारलं की भलत्याच पुस्तकाचं नाव यायचं. सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळे हसायचे. मीही थोडंफार खोटं बोलायचो. पण मला ते नीट जमत नसे.

पहिल्या वेळी माझा रँक घसरला, त्याचाही. पोहे खाता खाता तो म्हणाला, "तू एमपीएच कर, लेका. डीन ऑफिसात ऐकलंय, पुढे सीट देताना जादा पदवीचं वजन पडणार आहे. दोन डिग्र्या असलेल्याला कोण नाही म्हणेल?"

वडील एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात बॉयलरवर होते. पीजी म्हणजे काय हे घरात मलाच समजावून सांगावं लागलं होतं, तिथे सल्ला कुणाला विचारणार? मी एमपीएचला गेलो. गावोगाव सर्वेक्षणं करत हिंडलो, आणि परीक्षेचा अभ्यास हातातून गेला. तो खोलीत बसून वाचत राहिला आणि पुढच्याच वर्षी ऑर्थोला लागला. जादा पदवीला वजनबिजन काही नव्हतं. सीट रँकवर मिळते. तेव्हाही तसंच, आताही तसंच. नंतर दोनदा बसलो, नाही झालं.

पदवी वाईट नव्हती, हे सांगितलं पाहिजे. डेंग्यूच्या साथीत कॉलनीतली पाण्याची पिंपं पालथी करायला मी लोकांना लावलं ते तिच्याच जोरावर. पण मला बालरोगतज्ज्ञ व्हायचं होतं. दवाखान्यात तापलेलं मूल आलं आणि ते पुढे पाठवावं लागलं की मला ते पोह्यांचं टेबल आठवायचं.

तीन-चार वर्षांपूर्वी त्याचा फोन आला. "अरे, पोरीला तुझ्याकडे पाठवतोय. एमपीएचबद्दल विचारायचंय तिला. आपल्यात केलेला तूच एक."

मुलगी आली. एमबीबीएस झालेली, हुशार, नखं कुरतडायची सवय. तिला विदर्भातल्या एका सरकारी कॉलेजात भुलीची, म्हणजे अनेस्थेशियाची, सीट लागली होती. रुजू होण्याची मुदत संपत आली होती.

"बाबा म्हणतात, भूलवाल्याला कोण ओळखतं? त्यांना रेडिओलॉजीच हवीय. मला भूल चालेल, काका. आवडेलही कदाचित. पण ही सीट सोडून एमपीएच केलं, तर पुढच्या वर्षी त्याचा काही उपयोग होतो का? नियम बदलतायत असं ऐकलंय."

खरं उत्तर एका वाक्याचं होतं. परदेशात जायचं असेल, संशोधनात शिरायचं असेल, तर होईलही. इथल्या सीटसाठी काडीचा नाही. ते वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. मी तिच्याकडे बघितलं. हनुवटी सरळ बापाची.

"वजन पडतं," मी म्हणालो. "दोन डिग्र्या असलेल्याला कोण नाही म्हणेल?"

शब्द त्याचेच वापरले. मुद्दाम. ती थँक्यू काका म्हणाली, मला वाकून नमस्कार केला, आणि मी आशीर्वादही दिला. मग आत जाऊन चहा मागवला. इतका चवीने चहा मी कितीतरी दिवसांत प्यायलो नव्हतो.

तिने सीट सोडली. एमपीएच आणि परीक्षा असं दोन्ही करताना रँक पार खाली गेला. रेडिओलॉजी राहिली बाजूला, भूलही मिळाली नाही. त्याचा फोन आला तेव्हा मला वाटलं, आला हिशेबाचा दिवस. पण तो थकल्यासारखा बोलत होता.

"तुझी काही चूक नाही रे. तुला वाटलं ते तू सांगितलंस."

मला ते सहन होईना. म्हणालो, "तू मला सांगितलं होतंस, तेच मी तिला सांगितलं."

"मी? काय?"

"एमपीएच कर म्हणून. वजन पडतं म्हणून."

तो चक्क हसला. "अरे होस्टेलात आपण सगळे सगळ्यांना काहीही सांगायचो! तू ते खरं मानलंस? वेडा आहेस का?"

मी फोन ठेवला. ज्याच्यावर सूड उगवायचा, त्याला आपण काय केलंय याचा पत्ताच नव्हता. मार खाल्ला तो पोरीने. आणि तिला तर आमची ती रीत माहीतही नव्हती.

तिला भेटायला गेलो. गंगापूर रोडच्या घरी ती एकटीच होती, डायनिंग टेबलावर पुस्तकं पसरून. मी बसलोही नाही. म्हणालो, "एमपीएचचा उपयोग नाही हे मला माहीत होतं. तरी तुला कर म्हणालो."

तिने पेन खाली ठेवलं. "का?"

मी सगळं सांगितलं.

"म्हणजे राग बाबांवर होता."

"हो."

"मग बाबांचं काहीतरी करायचं ना, काका. माझी सीट होती ती."

मी म्हणालो, "हे बाबांना सांग. मी नाही म्हणणार नाही. सांगच."

तिने माझ्याकडे नीट बघितलं. पेशंट खोटं बोलतोय का, हे बघताना आम्ही बघतो तसं.

"नाही सांगणार," ती म्हणाली. "मी सांगितलं की ते तुमच्या दवाखान्यात येऊन तुम्हाला शिव्या घालतील. तुम्ही त्यांना तीस वर्षांचं ऐकवाल. दोघं भांडाल, आणि तुम्हाला मोकळं वाटेल. नकोय मला ते. तुम्हीही सांगायचं नाही. तेवढं तरी करा माझ्यासाठी."

मी मान हलवली. तिने पुस्तक जवळ ओढलं. दार मलाच उघडून घ्यावं लागलं.

त्याचा अजूनही दिवाळीला फोन येतो. लेक परत परीक्षेला बसतेय, म्हणतो. माझी तब्येत विचारतो. आणि दर वेळी माझ्या जिभेवर येतं की तुझ्या पोरीची सीट मी घालवली, ठरवून घालवली, तुझ्याच शब्दांनी. त्याला ते कळावं असं मला अजून वाटतं, हे खोटं कशाला बोलू? मी म्हणतो, "बरा आहे," आणि फोन ठेवतो.