ॲपच्या वर्णनाखाली अकरा नावं

पत्रकं मी अकरावीपासून लिहितो. नळाला पाणी नाही, काढ पत्रक. दाखल्याचा अर्ज मराठीत मिळत नाही, काढ पत्रक. त्यामुळे कामरगावच्या भाजीवाल्यांसाठी मी ॲप तयार केलं, तेव्हा मोबाईलच्या ॲप स्टोअरवर टाकायचं चार ओळींचं वर्णन म्हणजे मला पोरखेळ वाटला.

ॲप साधं. कारंजाच्या बाजाराला जाणारी जीप किती वाजता निघते आणि तिच्यात भाजीच्या किती कॅरेटची, म्हणजे क्रेटची, जागा उरली, एवढंच ते सांगतं. एरवी आमची मोठी आई मेथी घेऊन पहाटे रस्त्यावर उभी राहायची आणि जीप भरलेली यायची. जीपवाल्या चाचांनी मला पंधरा दिवस दिले होते. एक व्यापारी अख्खी जीप महिन्याच्या भाड्यानं मागत होता.

"तोवर तुयं ॲप आलं तं जीप भाजीवाल्यायची," चाचा म्हणाले, "नाई तं त्या सेठची. मंग मले बोल लावू नको."

स्टोअर म्हणजे इंग्रजी, हे मी कुणाला न विचारताच धरून चाललो. डिक्शनरी घेऊन बसलो. सुरुवात दणक्यात: बंधू-भगिनींनो, किती दिवस सहन करायचं? जीप आली सहाव्या ओळीत. शेवटी 'आपले नम्र' आणि अकरा भाजीवाल्यांची नावं, मोबाईल नंबरासकट. आमच्याकडे पत्रकाखाली एखाद्याचं नाव राहिलं तर तो वर्षभर बोलत नाही. मी कुणाला गाळणार?

नकार आला. ॲप काय करतं ते कळत नाही, आणि लोकांची खाजगी माहिती दिली आहे म्हणे. खाजगी? हे नंबर बाजारातल्या खांबाखांबावर रंगवलेले आहेत! मी नावं काढली आणि त्या जागी नकाराचा निषेध लिहिला, वर्णनातच. पुन्हा नकार. तिसऱ्यांदा मोबाईलमधल्या एआयकडून लिहून घेतलं. त्यानं शेतीत क्रांती केली, फक्त मेथी आणि जीप तेवढी गायब. हे अतिशयोक्त आहे म्हणून तेही परत. तेरावा दिवस उजाडला.

ते वर्णन मी चाचांना दाखवलं.

"हे वाचनार कोन? तुयी मोठी आई?"

"चाचा, स्टोअरवाल्यांना इंग्रजी लागते."

"त्याइनं म्हटलं का तसं?"

म्हटलं नव्हतं. घरी येऊन नीट पाहिलं. भाषांची यादी होती, तिच्यात मराठी होती, पहिल्या दिवसापासून होती. मराठी अर्जासाठी तहसीलसमोर उन्हात पत्रकं वाटणारा मी, आणि जिथं कुणी अडवलंच नव्हतं तिथं आपल्या पायानं इंग्रजीत जाऊन पडलो. अजून चीड येते.

मोठी आई जुड्या बांधत होती. विचारलं, "सांग, काय लिहू?"

"जीप कवा निंगते अन् जागा हाय का नाई, ते लिव. भरली असन तं भरली म्हन. लोकं घरून निंगनार नाईत."

"आणि अन्यायाचं?"

"जीपच्या जागेत अन्याय कायले कोंबतं बाप्पा? लिव गुपचूप."

तेवढंच मराठीत लिहून पाठवलं. पंधराव्या दिवशी दुपारी मंजुरी आली. चाचांकडे धावलो, तर सकाळीच सेठ येऊन अर्धी जीप महिन्यासाठी ठरवून गेलेला.

"संध्याकाळपर्यंत मुदत होती!" मी भांडलो.

"म्हनून तं अर्धी ठेवली," चाचा म्हणाले. मग फोन घेऊन एका बोटानं त्यांनी ॲपवर उद्याची उरलेली जागा नोंदवली: सात कॅरेट.

भाजीवाले अकरा, प्रत्येकाचं एकेक कॅरेट. दहा मिनिटांत जीप भरली. उरलेल्या चौघांचे फोन आले ते मलाच. चौघांनाही खरं तेच सांगितलं: माझ्या इंग्रजीपायी अर्धी जीप गेली. तिघांनी फोन ठेवून दिला. चौथा म्हणाला, "मंग आता दुसरी जीप पाय. अन् इंग्रजीतून नको पाऊ."