बेसिनमध्ये गेलेलं पिवळं पाणी

सुधाकरचं दीड महिन्याचं काम मी बेसिनमध्ये ओतलं आणि वरून नळ सोडला. एवढं कबूल केल्याशिवाय त्याच्याविषयी चार चांगले शब्द लिहायचा मला अधिकार नाही. तीन आठवड्यांपूर्वी अकोल्यात, जठारपेठेतल्या घरी दाढी करत असताना फोन आला. सुधाकर गेला, झोपेतच अटॅक आला. अर्धा गाल फेसाने माखलेला, आणि डोक्यात पहिला विचार काय यावा? आता कोणाला कधीच कळणार नाही... असा मी त्याचा मित्र.

सुधाकर भातकुलीकडच्या खारपाण पट्ट्यातला. घरची भाजीची शेती, विहिरीचं पाणी खारट. ते वाळलं की वाफ्यांच्या कडेला पांढरा थर धरायचा. त्या थरातूनच त्याने एक बुरशी काढली, मिठाशिवाय न वाढणारी. अमरावतीच्या कॉलेजात आम्ही दोघं पीएच.डी. करत होतो. गिलावडा खाताखाता तो मला समजावायचा, "आपण घास गिळतो अन् मंग पचवतो. बुरशीचं उलटं हाय. ते आपले विकरं, मंजे एन्झाइम, बाहेर पाण्यात सोडते, प्रथिनं बाहेरच विरघळवते अन् मंग शोषून घेते. खाऱ्या पाण्यात बाकीच्यायचे विकरं मान टाकतात. हिचे काम करून राहिले असतीन, तं पाह्य मंग!" मी मान डोलवायचो. लक्ष वड्यात.

एकदा वडील आजारी म्हणून तो गावी गेला. जाताना म्हणाला, "बुरशीचा फ्लास्क गाळून ठेव, अन् दुधाच्या प्लेटवर त्या पाण्याचा थेंब टाकून पाह्य." प्लेटमध्ये दूध घातलेला पांढुरका थर असतो, थेंबाभोवती स्वच्छ गोल उमटला, तर विकर प्रथिन फोडतंय असं समजायचं. मी फ्लास्क गाळला. कागदावर उरलेली बुरशी तान्ह्या लेकरासारखी उचलून डबीत ठेवली, डबीवर नाव घातलं, आणि खालचं पिवळं पाणी, ज्यात सगळी विकरं होती, ते फेकून दिलं. फ्लास्क घासून पालथाही घातला. मग थेंब टाकायला प्लेट हातात घेतली... आणि थेंबच नव्हता. "ओतलं रे, चुकलो," एवढंच म्हणायचं होतं. त्याने दोन शिव्या हासडल्या असत्या आणि बुरशी पुन्हा वाढवली असती. त्याऐवजी मी त्याच्या वहीत लिहिलं: थेंब टाकला, गोल नाही.

परत आल्यावर त्याने वही वाचली. "नीट पाह्यलं ना बे?"

"दोनदा पाह्यलं."

खोटं दुसऱ्यांदा बोलायला काहीच कष्ट पडत नाहीत. आमचे गाइड म्हणाले, वेळ घालवू नकोस. त्याने दुसरी बुरशी घेतली, डिग्री मिळवली, नोकरीला लागला. पुढे पंचवीस वर्षं चारचौघांत तो हसत सांगायचा, "आमच्या वाफ्यातली बुरशी लेकाची आळशी निघाली. इचारा याले, यानंच पाह्यलं!" मीही हसायचो. आणि अकोल्याच्या कॉलेजात शिकवताना दरवर्षी फळ्यावर बुरशी काढून पोरांना बजावायचो, लक्ष बाहेरच्या पाण्याकडे द्या.

गेल्या आठवड्यात अमरावतीला त्याच्या घरी गेलो. सुनंदावहिनींनी मागची खोली उघडली. टेबलावर कापसाचे बोळे लावलेल्या काचेच्या नळ्या ओळीने उभ्या. तीच बुरशी. दर दोन-तीन महिन्यांनी मिठाच्या ताज्या खाद्यावर हलवत त्याने ती जगवली होती, बिनकामाची आहे असं मी सांगून ठेवलेलं असताना. "काहून ठेवता म्हटलं, तं म्हणत, आपल्या वावरातली हाय, मरू कशी देऊ," वहिनी म्हणाल्या.

मी एक नळी हातात घेतली, आणि मला राहवलं नाही. बेसिन, वही, दोनदा पाह्यलं... सगळं सांगून टाकलं. डोळेही भरून आले. आतून वाटत होतं, आता त्या म्हणतील, जाऊ द्या भाऊजी, झालं गेलं.

वहिनींनी माझ्या हातातली नळी काढून घेतली.

"ज्यायले सांगायचं होतं ते जित्ते होते तवा तोंड उघडलं नाही. आता मले सांगून सोताचं पोट साफ करून राहिले, भाऊजी."