ओल्या पुठ्ठ्याचा वास

क्षिप्रा गुप्ते डोंबिवलीत वाढली, मायक्रोबायोलॉजी शिकली आणि शीळफाट्याजवळच्या एका लहान ब्रुअरीत बिअर चाखायच्या नोकरीला लागली. तिची आई, सुमतीताई, सोसायटीत मात्र 'फूड कंपनीत आहे' असं सांगायच्या. वाइन चाखून थुंकता येते, बिअर गिळावीच लागते. तिचा कडवटपणा घशाशी गेल्यावरच नीट कळतो. हे आईला समजावून क्षिप्रा थकली होती. संध्याकाळी दारातच प्रश्न यायचा, "आजपण प्यायलीस?"

मागच्या उन्हाळ्यात मालक ऋतुराज बेल्जियमहून एका मठातली बिअर घेऊन आला. तिथले ख्रिस्ती साधू ती पिढ्यान्‌पिढ्या स्वतः बनवतात. गडद, कडक, बाटलीत भरल्यावरही आंबत राहणारी. तशीच बिअर त्याला इथे काढायची होती. पण त्या बाटल्यांचा खोका भर मे महिन्यात आठवडाभर त्याच्या गाडीच्या डिकीत पडून राहिला.

क्षिप्राने एक बाटली ग्लासात ओतली. रंग सुरेख होता, फेसही टिकला. मनुकांचा, लवंगेचा वास यायला हवा होता. आला तो पावसात भिजलेल्या पुठ्ठ्याचा. दुसरी बाटली फोडली. तेच.

"सर, ही उष्णतेने बिघडलीये. हिच्यावरून काही ठरवू नका."

"अगं, साधूंनी बनवलीये. खराब कशी असेल?"

"त्यांनी चांगलीच बनवली असणार. डिकीत वाट लागली."

ऋतुराज हसला. "हेच तर तिचं कॅरेक्टर आहे."

क्षिप्राने हट्ट सोडला नाही. ब्रसेल्सला असलेला तिचा चुलतभाऊ नील गणपतीला येणार होता. त्याच्याकडून तिने त्याच बिअरच्या दोन बाटल्या मागवल्या. त्या फ्रिजमध्ये दह्याच्या पातेल्यामागे दिसल्यावर सुमतीताई दोन दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत.

ब्रुअरीत तिने जुनी आणि नवी बिअर शेजारी शेजारी ओतली, कुठली कोणती ते न सांगता. आधी नवी स्वतः चाखली. मनुका, लवंग, किंचित पिकलं केळं. गोडवा जिभेवर रेंगाळत नव्हता, शेवटी तोंड स्वच्छ कोरडं होत होतं. आता वाद मिटला, असं तिला वाटलं.

ऋतुराजने दोन्ही ग्लासांतून घोट घेतले आणि एका ग्लासावर बोट ठेवलं. "ही ओरिजिनल."

"सर, ती तुमच्या डिकीतली आहे."

त्याने त्याच ग्लासातून आणखी एक घोट घेतला. मग म्हणाला, "मला आवडली ना? मग लोकांनाही आवडेल. अशीच काढ."

दिवाळीनंतर ती बिअर बाजारात आली, लेबलवर झग्यातला साधू. तीच चव यावी म्हणून टाकी मुद्दाम गरम खोलीत ठेवायचे. क्षिप्राने विरोध लिहून दिला, त्याचं काहीच झालं नाही. बिअर खपली. प्रत्येक टाकी चाखून पास करायचं काम तिच्याकडेच राहिलं.

शेवटी तिने ठाण्यातल्या दुसऱ्या ब्रुअरीत मुलाखत दिली. तिथल्या मॅनेजरने तिचा बायोडेटा वाचून मान वर केली. "ती मठवाली बिअर तुम्ही पास करता? काय चव आहे हो! आम्हाला अगदी तशीच हवीये."

"थँक यू," ती म्हणाली.

खोपट स्टँडवरून डोंबिवलीची बस धरेपर्यंत तिला सर्वांत जास्त राग त्या 'थँक यू'चा येत होता.