सासूबाईंचं लुगडं

दादा गेला तेव्हा मी त्याच्यासाठीच पेज शिजवत होते. हॉस्पिटलातून शेजारचा सुरेश आला, दारातच थांबला, आणि मी स्टोव्ह बंद केला. महिना होऊन गेला त्याला. तेव्हापासून घाटकोपरच्या आमच्या चाळीत जो येतो तो मला सांगतो, तुमचा भाऊ म्हणजे मोठा कलावंत, शिमग्याला बांबू-पेंढ्याचे पुतळे करून लोकांचे डोळे उघडले त्याने. उघडले असतील. मी त्याची सख्खी बहीण, माझ्या मात्र अंगाची आग होते हे ऐकून.

हात त्याचा झकास होता, ते नाकारत नाही. काळाबाजार करणारा रेशनवाला, पाणी विकणारा गुंड, सगळ्यांना त्याने होळीत उभं केलं. पुतळ्याला कपडे मात्र वापरलेलेच लागायचे. नव्या कापडात माणूस दिसत नाही, म्हणायचा.

माझं सासर समोरच्याच चाळीत. कबूल केलेली स्कूटर दिली नाही म्हणून सासूबाई येता-जाता टोचायच्या. ते मी एकदा, भाकऱ्या थापताना, फक्त दादाला सांगितलं... मन हलकं करायला, दुसरं काय? त्याच सासूबाईंनी गोधडीसाठी म्हणून आपलं जुनं लुगडं मला दिलं होतं. शिवायला मी ते माहेरी आणून ठेवलं. शिमग्याला बघते तर मैदानात हुंडा मागणारी सासू उभी, अंगावर तेच लुगडं, हनुवटीवर त्यांचाच मस! अख्खी गल्ली तिच्या नावाने बोंब मारत होती, आणि सासूबाई गॅलरीतून बघत होत्या.

सकाळी माझी ट्रंक दाराबाहेर आली. "तुझ्या भावान माका जाळल्यान. आता थयच ऱ्हव," त्या म्हणाल्या. नवरा खाली मान घालून उभा.

दादा म्हणाला, "अगं, तुझ्यासाठीच केलं ना."

"मला विचारलंस का?"

तो हातावरची पुतळ्याची खळ धूत राहिला. पुढे पेपरात त्याचा फोटो आला. मी त्याच्या खोलीत राहिले ती राहिलेच, आणि बायकांच्या ह्या कैवाऱ्याला दोन्ही वेळचं गरम जेवण माझ्या हातचं मिळालं. एकदा तरी चुकलं म्हणायचंस रे... शेवटपर्यंत नाही म्हणाला.

परवा मंडळाचे दोघे आले. शिमगा तोंडावर आलाय, पुतळ्याला घालायला दादांचा जुना शर्ट द्या, त्यांचा हात लागल्यासारखं होईल म्हणाले. शर्ट खुंटीवरच होता, बाह्या खळीने कडक झालेल्या. म्हटलं, न्या, पण चेहरा त्याचाच करा.

दोघं एकमेकांकडे बघायला लागले. "ताई, दादा आपले होते ना."

"सासूबाईसुद्धा माझ्याच होत्या," मी म्हटलं.

ते गेले. शर्ट अजून खुंटीवर आहे.