अस्वलाच्या नावावर

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. सात उन्हाळे झाले. सांगायला बसलो की भलतंच आठवतं — पानं, ऊन, फळीवरची गर्दी. आजही तसंच होणार बहुतेक. जरा धीर धरा.

मी चामोर्शीकडच्या एका जंगलालगतच्या गावाचा पोलीस पाटील. गावात काही वाईट घडलं की ठाण्याला कळवायचं, हे माझं काम. चोख करतो, असं गावात म्हणतात. म्हणोत बापडे.

त्या मे महिन्यात, भरदुपारी, सुधाकर माझ्या ओट्याशी आला. शेजारचा. तिशीचा गडी, धानाचं पोतं एकट्यानं उचलणारा. मान आणि पाठ ओरबाडलेली, धड बसता येत नव्हतं. तेंदूपत्ता मोजून घेतात त्या फळीवर ठेकेदाराचा दिवाणजी होता. त्यानं आणि त्याच्या दोन माणसांनी, बारदान्याच्या खोलीत — आदल्या दिवशी —

"भाऊ," सुधाकर खाली बघत म्हणाला, "बाईवर करतेत तसं केलं माह्यावर. मले ठाण्यात जायचं हाये. तुमी संग चाला."

गेलो का मी? नाही. "अस्वलानं धरलं म्हणून सांग," म्हणालो. आमच्याकडे हे सहज खपतं. पानं तोडायला गेलेल्या माणसाला अस्वल कधी ना कधी धरतंच. दवाखान्यात तेच लिहिलं गेलं. वनरक्षक पंचनाम्याला आला तेव्हा अस्वल निघालं म्हणायचं ते झुडूप सुधाकरनंच दाखवलं. मी पंच म्हणून सही केली.

खरे हाल त्यानंतर झाले. गावात तो अस्वलाशी झुंजलेला गडी ठरला. लग्नाच्या मांडवात लोक त्याला ती गोष्ट सांगायला लावायचे. तो सांगायचा. अडखळला की पुढचं मी सांगायचो — हो, मी. पुढच्या उन्हाळ्यात फळीवर तोच दिवाणजी आला. सुधाकर त्याच्याच पुढ्यात पानांचे पुडे रचत होता, आणि मी ते बघत होतो.

का केलं असं? मनाची समजूत घालत आलो — कायद्यात होतं तरी काय? बाई असती तर बलात्कार म्हटलं असतं, पुरुषाचं कोण लिहून घेतो? पण तेव्हा पुरुषावरच्या अत्याचारालाही लागणारं एक कलम होतं, तीनशे सत्त्याहत्तर. मी विचारलंच नाही. मग नवा कायदा आला आणि त्यात तेही उरलं नाही, असं एका ओळखीच्या शिपायाकडून कळलं. तेव्हा मला काय वाटलं असेल? हायसं वाटलं. आता माझ्यावर कोण बोट ठेवणार, असं वाटलं.

हे बघा, अजूनही मी मूळ गोष्टीला बगलच देतोय. अस्वल नंतरचं. त्याआधी — त्याचं सांगून झालं होतं, ओट्याच्या कडेला हात टेकून तो उभा होता — मी हसलो. मोठ्यानं नाही. "एवढा रेड्यासारखा गडी तू, अन् तुले —" म्हणालो, आणि हसलो. त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग मी अस्वलाचं सुचवलं आणि तो लगेच हो म्हणाला.

मला वाटायचं, इतक्या दुखण्यात ते हसणं त्याच्या लक्षात कुठलं राहतंय? यंदा मार्कंड्याच्या जत्रेत, वैनगंगेच्या वाळूतून आम्ही दोघंच पुढे चाललो होतो, बायका मागे होत्या. तो आपणहून बोलला. आवाजात राग नव्हता.

"भाऊ, तुमी संग आले नसते तरी चाललं असतं. मी एकटा जाणार होतो ठाण्यात. पण तुमी हासले. मंग मले वाटलं, तिथीबी हासतीन."

मागून त्याची बायको हाक मारत होती, तो तिच्याकडे वळला.

ठाण्यात हसले असते की नसते, कोण जाणे. मी हसलो होतो.